शेवटी येणाऱ्याची जागा

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लास्से पडला! कड्यावरून नाही, घसरगाडीवरून नाही – दुकानाच्या पायरीवरून, हातात दुधाचे पुडे घेऊन. मनगट मोडलं. परवा दक्षिणेतल्या ओउलू शहरातून सहा पोरं येणार, सहा दिवस स्कीवर न्यायची आहेत आणि सहलीतला माझा जोडीदार प्लास्टरात.

रौनीआत्या शांत. तिची ही शांतता मला पाठ आहे. कॉफी ओतता ओतता म्हणाली, "तार्मोला विचारलंय मी."

"कुणी सांगितलं होतं तुला?"

"सहली माझ्या आहेत गं. मीच सांगितलं मला."

मी कॉफी न पिता उठले. मग थंडीत अंगणात उभी राहून पस्तावले, कारण कॉफी हवी होती.

इथे नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या मऊ पडले तर वाचता येईल. तार्मो माझा सख्खा भाऊ, सहा वर्षांनी मोठा. चार वर्षं या सहली तो न्यायचा. तो पुढे, मी सगळ्यांच्या मागे. गेल्या शरदात आत्याने ठरवलं – आता हेल्का पुढे, तार्मो मागे. कारणही तोंडावर सांगितलं: पोरं दमली की तुला दिसत नाही, तुझं लक्ष सगळं पुढच्या डोंगराकडे. तो काही बोलला नाही. आठवड्याने पिशव्या भरल्या आणि नॉर्वेत कुत्र्यांच्या गाड्या हाकायला निघून गेला. पाच महिने झाले. नाताळात आत्याला फोन केला, मला नाही. मी ती जागा मागितली नव्हती. पण नकोही म्हटलं नाही, आणि आजही म्हणणार नाही.

आता हा येणार आणि माझ्या मागे शेवटी चालणार? बघूच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

त्याचं उत्तर नाही. तंबू तपासले, चुली तपासल्या, लापशीचे ओट दोनदा मोजले. आत्या म्हणाली, "तिसऱ्यांदा मोजून वाढणार नाहीत."

२८ फेब्रुवारी, शनिवार

पोरं आली. सहाजण, सोळा-सतरा वर्षांची. बसमधून उतरताच पाचजण फोन वर धरून रेंज शोधायला लागली. सहावी पिहला नावाची मुलगी, तिने फोन काढला नाही, तोंडही उघडलं नाही. नाव विचारलं तर पिशवीवरची चिठ्ठी दाखवली.

एल्मर नावाचा एक आहे. ताडमाड उंच, जीभ त्याहून लांब. मला विचारतो, "सहलीची म्होरकी कुठे आहे?"

"समोर उभी आहे."

"तू? मला वाटलं तूही आमच्यातलीच."

"अरे वा. मग लापशी तू कर, मी झोपते."

नीलो सगळ्यांत लहान. आईने त्याच्या पिशवीत लोकरी मोज्यांचे नऊ जोड घातलेत. मी सहा काढून ठेवले तर त्याचे डोळे भरून आले. दोन परत दिले.

संध्याकाळी तार्मोचं उत्तर आलं. आत्याला. एकच शब्द – "बघतो."

बघतो! आमच्या घरात या शब्दाचे पाच अर्थ होतात. हो, नाही, राग आहे, लाज वाटते, आणि खरंच बघतो. यातला कुठला ते ओळखत मी भांडी घासली. एक कप फुटला.

१ मार्च, रविवार

निघालो. उणे अठरा, आकाश कोरडं, बर्फ करकरीत. पोरांना पहिले दोन तास स्कीवर चालणं म्हणजे छळ वाटतो, मग पाय आपोआप चालू लागतात आणि ती गप्प होतात. एल्मर सोडून. तो चालताना गातो, चढावर गातो, पडल्यावरही गातो.

शेवटच्या टेकडीवर, रेंज संपते तिथे, आत्याचा निरोप आला: "तार्मो अजून बघतोच आहे. आलाच तर मंगळवारी वाल्ताच्या खोपीत गाठेल." आम्ही लांबच्या वाटेने तीन दिवसांत वाल्ताला पोचणार, तो सरळ आला तर एका दिवसात येईल. तंबू नको, चूल नको, पाठीवर एक पिशवी – येऊ शकतो. त्याच्या पायांना काय झालंय.

यापुढे फोन नाही. आणीबाणीचं यंत्र आहे, त्यावर "ठीक आहोत" किंवा "मदत" एवढंच पाठवता येतं. "तो निघाला का?" असं बटण त्यावर नाही.

पोरांना सांगितलं की मंगळवारी माझा भाऊ येईल बहुतेक. का सांगितलं? सांगायची काही गरज होती का? एल्मर लगेच – "तुझ्यासारखाच रागीट आहे?"

मी म्हटलं, "तो बोलतच नाही. ते जास्त वाईट."

२ मार्च, सोमवार

तंबूतली पहिली रात्र पार पडली. कुणी रडलं नाही. नीलोने सगळे मोजे एकदम घातले होते, त्यामुळे बुटात पाय जाईना.

आज लांब सपाट तळं ओलांडलं. मी पुढे. मधूनमधून वळून बघते – नीलो मान खाली घालून चालतोय, पिहलाचा पट्टा सैल झालाय, कुणाचं नाक पांढरं पडतंय. हे बघायचं काम माझं. पण आज वळून बघताना नजर पोरांच्याही मागे जात होती, मागच्या वाटेवर. उगाच. तो यायचाच असेल तर उद्या यायचाय. आणि या बाजूने येणारही नाही.

मी पाच वर्षांची असताना त्याने मला याच तळ्यावर स्की शिकवली. शिकवली म्हणजे काय, दोरीने स्वतःच्या कमरेला बांधलं आणि निघाला. मी पडले की दोरी ताणली जायची, मग थांबायचा. मागे वळून बघायचा नाही. नुसता थांबायचा, दोरी सैल होईपर्यंत. मला तेव्हा वाटायचं सगळ्यांचे भाऊ असंच शिकवतात.

आल्यावर त्याला काय म्हणायचं? "आलास का" म्हणावं? "जेवलास का"? रात्रीच्या रश्श्यात मीठ दोनदा पडलं.

३ मार्च, मंगळवार

वाल्ताची खोपी. हात शेकून लिहितेय. बाहेर वारा पिसाळलाय.

दुपारनंतर डोंगराची कड दिसेनाशी झाली. मी पोरांना घाई केली. शेवटच्या टप्प्यात एल्मर पुढे पळाला, सगळ्यांच्या आधी खोपीत शिरला आणि चुलीजवळचा सगळ्यांत चांगला बाक पकडून आडवा झाला. मी म्हटलं, "आधी लाकडं." त्याने फोडली, कुरकुरत. नीलो येता येताच दोनदा ओकला. अंग तापलंय. त्याला खालच्या बाकावर झोपवलं, कोमट पाणी चमच्याने देतेय.

आठजणांची खोपी. आम्ही सात. म्हणजे आठवी जागा तार्मोची. मी मनातल्या मनात दाराजवळची ठेवली होती. त्याला दाराजवळच आवडते, उकडतं म्हणतो.

अंधारून आलं आणि दार वाजलं. माझा हात चमच्यासकट थांबला.

चार बायका! नॉर्वेच्या बाजूने आलेल्या, सगळ्या साठीच्या पुढच्या, भुवयांवर बर्फ, त्यांचा तंबू वाऱ्याने फाडलेला. त्यांची पुढारीण टोरून. आयुष्यभर सुईणीचं काम केलं म्हणाली, आणि तसाच आवाज आहे. अर्धं त्यांच्या भाषेत, अर्धं आमच्या भाषेत बोलते.

सात आणि चार अकरा. मी उठले. "या, बसा. आमच्यातले तिघे बाहेर तंबूत जातील."

"छे छे, आम्ही आधी सांगून ठेवली होती का ही जागा? आम्ही कोपऱ्यात बसून राहतो," टोरून म्हणाली.

"नाही. तुम्ही शेवटी आलात."

एल्मर उठून बसला. "एक मिनिट. आधी आम्ही आलो. म्हणजे जागा आमची ना?"

"उलट. इथे जो शेवटी येतो त्याचा हक्क पहिला. आधी आलेला गरम झालाय, जेवलाय, त्याने उठायचं."

"हा कुठला न्याय?"

"ज्या न्यायाने एखाद दिवशी तू मरायला टेकलेला येशील आणि आतले उठतील, तो. आणि सगळ्यांत आधी कोण आलं होतं रे?"

सगळी पोरं त्याच्याकडे बघायला लागली. त्याने पिशवी उचलली. बूट घातले. दार उघडून बाहेर गेला. वाऱ्यात खोपीला एक पूर्ण फेरी मारली असावी, कारण जरा वेळाने दार वाजलं. एल्मर आत आला, टोपी काढली आणि अदबीने म्हणाला, "नमस्कार. फार लांबून येतोय. जागा आहे का?"

टोरून हसून हसून बाकावर कलंडली. तिची मैत्रीण म्हणाली, "आता नियमाने मी उठते, मीही फेरी मारून येते." मलाही हसू आलं, पहिल्यांदाच या आठवड्यात. मग मी त्याला एक भाजलेलं सॉसेज हातात देऊन बाहेर काढलं.

एल्मर, पिहला आणि पोरांतलीच हेर्ता – तिघांचा तंबू खोपीच्या भिंतीला चिकटून, वाऱ्याच्या आडोशाला लावला. मी स्वतः ठोकला. खरं तर बाहेर जायची पाळी माझी होती. पण नीलोला सोडून जाता येईना. तासातासाला बाहेर जाऊन बघून येते. तिघं झोपण्याच्या पिशव्यांत शिरून पत्ते खेळतायत, माझ्यापेक्षा मजेत आहेत.

दार वाजलं की मी बघते. वारा आहे.

४ मार्च, बुधवार

दिवसभर अडकून. वारा तसाच. तंबूतली पोरं दिवसा आत आली, सगळी एकावर एक बसलो.

तो आला नाही.

आला नाही! काल आकाश दुपारपर्यंत स्वच्छ होतं. निघाला असता तर पोचला असता. म्हणजे निघालाच नाही. बघतो म्हणाला, बघितलं आणि ठरवलं की नको. पुढे हेल्का असेल तर मी नाही. एवढंच म्हणायचं होतं तर पाच महिने कशाला लावले?

एक आजारी पोर, बाहेर तिघं, आत चार म्हाताऱ्या, आणि मी एकटी. या असल्या दिवसासाठीच दुसरा माणूस लागतो. त्याला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

एल्मरने विचारलं, "तुझा भाऊ यायचा होता ना?"

मी इतक्या जोरात बोलले की टोरूनच्या हातचं विणकाम थांबलं. "तो येणार नाही. आणि पुन्हा त्याचं नाव काढायचं नाही. कुणीही नाही. कळलं?"

 नंतर वाईट वाटलं. एल्मरला साखर घातलेली कॉफी दिली. त्याने घेतली पण गायला नाही.

टोरून चुलीशी माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "माझे तीन भाऊ. दोघांशी बोलते. तिसऱ्याशी तो मेल्यावर बोलायला लागले."

मी म्हटलं, "माझा जिवंत आहे, झोपला असेल नॉर्वेत."

"मग बरंय," ती म्हणाली आणि विणायला लागली.

५ मार्च, गुरुवार

वारा पडला. नीलोचा ताप उतरला, दोन वाट्या लापशी खाल्ली. बायका गेल्या. टोरूनने जाताना नीलोला सल्ला दिला की मोजे दोनच घाल. आम्ही परतीच्या वाटेला लागलो, सगळं पांढरं, नवंकोरं, एकही वाट दिसत नाही. सुंदर होतं. मला बघवत नव्हतं.

वाटेत दोन गोष्टी ठरवल्या. एक, घरी गेल्यावर आत्याला सांगायचं की तार्मोला यापुढे विचारायचं नाही. दुसरी, दाढ दुखतेय ती दाखवायची.

६ मार्च, शुक्रवार



दुपारी उतरलो. आत्या अंगणात उभी. पोरं एकमेकांच्या अंगावर बर्फ फेकत सौनाच्या वाफाळत्या खोलीकडे पळाली. आत्याने त्यांची डोकी मोजली, मग माझ्या मागे बघितलं, मग परत माझ्याकडे.

"तार्मो कुठे आहे?"

मी हसले. खरंच हसले. "तो नॉर्वेत. तुझा लाडका आलाच नाही."

आत्याचा चेहरा. "अगं, मंगळवारी सकाळी इथून निघाला तो. याच अंगणातून. मी भाकरी बांधून दिली."

राय धान्याची भाकरी, वाळवलेलं मांस, एक पिशवी. पहाटे नॉर्वेहून आला, दोन कप कॉफी प्यायला, आत्याला म्हणाला, मागे चालायलाही माणूस लागतोच. आणि निघाला. वाल्ताकडे.

ती समजत होती तो माझ्याबरोबर आहे. मी समजत होते तो निघालाच नाही. तीन दिवस! तीन दिवस त्याला कुणीच शोधत नव्हतं, आणि मी त्याच्या नावाने बोटं मोडत लापशी ढवळत होते.

शोधायला माणसं गेलीयत. मी जायला निघाले तर पोलीस म्हणाला, "तू सहा दिवस चालून आलीस, तू नाही." आत्याने दार अडवलं. पोरांना काही सांगितलं नाही, घाबरतील, उद्या सकाळी त्यांची बस आहे. मी त्यांच्यासाठी पॅनकेक केले. एल्मर म्हणाला, या आठवड्यातले सगळ्यांत चांगले. मी त्यांतला एकही खाल्ला नाही.

वाल्ताला तो पोचला नाही. म्हणजे वाटेत. बुधवारचा तो वारा. तंबू नाही. चूल नाही.

देवा, तो असू दे. मला पुढे चालायचं नाही, मला काही नको, तो असू दे.

७ मार्च, शनिवार

बसला हात हलवला. पोरं गेली. पिहलाने जाताना मला मिठी मारली, काही बोलली नाही.

सापडला! जिवंत!

रेनडिअरवाला पिएरा. त्याची एक खोपी आहे वाल्ताच्या पुढच्या तळ्यापलीकडे, वाल्तापासून नऊ किलोमीटरवर. शोधपथकाबरोबर निघाला होता, दुरून बघतो तर त्याच्या खोपीतून धूर. म्हणाला, "मी इथे, बायको घरी, मग चूल कुणी पेटवली?" आत तार्मो. गुडघा मोडलेला, दोन बोटं काळीनिळी, ताप. शेवटचा टप्पा सरपटत गेला होता म्हणे. हेलिकॉप्टरने रोवानिएमीच्या इस्पितळात नेला.

मी अंगणात बसून रडले. आत्याही. मग ती उठली आणि म्हणाली, "वाल्ताच्या पुढे? पुढे कसा गेला हा?"

हे तेव्हा मला सुचलंच नव्हतं. आता सुचलं आणि जात नाही.

८ मार्च, रविवार

पुढे कसा गेला?

९ मार्च, सोमवार

रोवानिएमी. चारशे किलोमीटर गाडी हाकली, वाटेत एकदाच थांबले.

तार्मो पलंगावर, पाय वर टांगलेला, दाढी वाढलेली. बारीक झालाय. मला बघून म्हणाला, "गाडी कशी चालतेय?"

पाच महिन्यांनी पहिलं वाक्य! मी म्हटलं, "खडखड करते."

"पुढचं डावं चाक."

मग मी त्याच्याजवळ बसले. त्याचा हात धरायला गेले, पण बोटांना पट्ट्या. बाही धरली. बराच वेळ तशीच. ते बरं चाललं होतं. तिथेच थांबायला हवं होतं मी.

"वाल्ताच्या पुढे कसा गेलास?"

"चुकलो."

"तू? वाल्ता?"

"खोपी दिसली नाही. वारा होता."

"डोळे बांधून तिथे जाशील तू. आमच्या खिडकीत दिवा होता. बाहेर तंबू होता. धूर होता."

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "दिसली नाही, हेल्का."

खोटं. मला त्याचं खोटं कळतं, खालचा ओठ आत घेतो. तो तिथून गेला, दिवा बघितला आणि पुढे गेला. ज्या खोपीत मी होते तिथे यायचं नव्हतं त्याला. मी पुढे, तो मागे – चारचौघांसमोर ते नको होतं. त्यापेक्षा वाऱ्यात मेलेलं बरं.

मी ते बोलले. सगळं. हळू आवाजात, शेजारी दुसरे रोगी होते. "माझ्या हाताखाली काम करायचं नव्हतं एवढंच म्हण. मी तिथे एका आजारी पोराला घेऊन एकटी होते, आणि तू मानासाठी दारावरून निघून गेलास."

 तो एवढंच म्हणाला, "त्या पोराचं कसं आहे?"

"तुला काय करायचंय," मी म्हटलं आणि निघाले.

येताना दोन रेनडिअर रस्त्यात उभे होते, हलेनात. मी भोंगा वाजवत राहिले आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून ओरडले. ते बघत होते.

१० मार्च, मंगळवार

दाढ काढली. अर्धं तोंड बधिर आहे. आज कुणाशी बोलायला नको, बरंय.

१२ मार्च, गुरुवार

आत्याने कॉफीला बोलावलं. म्हणजे काहीतरी आहे.

"पुढच्या हिवाळ्यापासून या सहली तुम्ही दोघं सांभाळा. माझे गुडघे आता ऐकत नाहीत. दोघांच्या नावावर करून टाकते. कोण पुढे, कोण मागे, ते तुमचं तुम्ही."

"तो असेल तर मी नाही."

"हेल्का."

"ज्याला माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही, त्याच्याबरोबर मी सहा पोरांना घेऊन वाऱ्यात जाऊ? सांग ना. उद्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला तो असेल आणि त्याला माझं तोंड बघायचं नसेल."

आत्याने कप बाजूला सरकवला. "तुझा बाप असाच होता. एकदा रागावला की बर्फ वितळायचा, तो नाही."

"मग तू ठरव. तो की मी."

आत्याने ठरवायला वेळ मागितला नाही, तेच वाईट. म्हणाली, "तू इथे आहेस. तो नाही. मी काय ठरवणार."

घरी येऊन तीन तास स्कीला मेण लावलं. ज्या स्कीला गरज नाही, तिलाही.

१४ मार्च, शनिवार

आत्याने त्याला फोन केला. तो "बरं" म्हणाला. एवढंच. मग म्हणाला की आल्टात, नॉर्वेत, कुत्र्यांवाल्या माणसाकडे कायमची नोकरी आहे, घर पण देतात. गुडघा बसला की तिकडेच. त्याच्या खोलीतलं सामान कुणाला हवं तर द्या.

मी जिंकले म्हणायचं. मग घरात का बसवत नाही? काल तीनदा बाहेर गेले, तीनदा परत आले. सूर्य आता चांगला वर येतो, छपरावरून पाणी गळतं. सगळ्या गावाला हा महिना आवडतो. मला नेहमी आवडायचा.

१६ मार्च, सोमवार

त्याच्या खोलीत गेले. खोक्यात भरायला. काही भरलं नाही.

१८ मार्च, बुधवार

आत्या म्हणते, शुक्रवारी सकाळी त्याला घरी सोडणार. घरी नाही – सरळ आल्टाला. कुत्र्यांवाला माणूस गाडी घेऊन येतोय न्यायला. "जाशील का निरोप द्यायला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, बघते.

१९ मार्च, गुरुवार

पिहलाचा फोन. आवाज ओळखला नाही, सहा दिवसांत तिची दहा वाक्यं ऐकली असतील. तिची निळी टोपी आमच्याकडे राहिलीय का, विचारत होती. आहे म्हटलं, पाठवते.

मग म्हणाली, "आणि तुझा भाऊ? तो आला का नंतर?"

"नंतर म्हणजे?"

"वाल्ताला. मंगळवारी. मी लघवीला तंबूबाहेर आले होते. तो भिंतीला टेकवलेल्या स्की मोजत उभा होता. मला म्हणाला, मी हेल्काचा भाऊ, आत किती जण? मी म्हटलं, भरलंय, पण तू जा ना, तू शेवटी आलास. तर हसला. हेल्का आत आहे का विचारलं. आहे म्हटलं, नीलोला बरं नाही. मग म्हणाला, नको. मी आत पाऊल टाकलं की ती पिशवी उचलून बाहेर येईल, कुणाचं ऐकणार नाही. तिला आजारी पोराजवळ असू दे. मी तळ्यापलीकडे पिएराच्या खोपीत जातो, वारा पाठीवर आहे. सकाळी येऊन मीच सांगेन, तोवर बोलू नकोस. मग त्याने आमच्या तंबूच्या दोऱ्या घट्ट केल्या आणि गेला. मी सांगणार होते गं, पण दुसऱ्या दिवशी तूच म्हणालीस त्याचं नाव काढायचं नाही. हेल्का? आहेस का?"

गाडीची किल्ली. कुठे ठेवली मी गाडीची किल्ली?